मोचेमाडच्या चढावर साडेनऊ व्होल्ट

दिनांक २३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सत्यवान मामांच्या गॅरेजच्या अगदी दारासमोर, मासळी वाहणारा एक निळा पिकअप दोन आचके देऊन बंद पडला. मागच्या हौद्यात बर्फाच्या रिकाम्या पेट्या चौदा होत्या. पुढे माणूस एकच.

त्या माणसाला इथे यायचेच नव्हते. म्हापशाला मासळी उतरवून तो वेंगुर्ल्याच्या बंदरावर घरी परतत होता, आणि दुपारी कुडाळला एखाद्या मोठ्या गॅरेजात गाडी दाखवावी असा त्याचा बेत होता. पण पाऊस पडत होता, रस्ता अरुंद होता आणि मागे एस.टी. उभी राहून हॉर्न वाजवत होती. त्याने उतरून गाडी एकट्यानेच ढकलत गॅरेजच्या आवारात आणली, कपाळावरचे पाणी बाहीने निपटले आणि समोर पाहिले.

समोर किशोरी उभी होती. हातात स्कॅनर, केसांत पेन्सिल खोचलेली. मालवणच्या तंत्रनिकेतनातली पदविका घेऊन, कोल्हापुरात काही वर्षे नोकरी करून ती मामांकडे परतली होती. गॅरेजात वाटणी सरळ होती : इंजिन मामांचे, वायरिंग तिचे.

"बंद कशी पडली?" तिने विचारले. गिऱ्हाइकाशी ती पुस्तकी मराठीतच बोलत असे. त्याने अंतर नेमके राहते, असा तिचा अनुभव होता.

"बंद पडाक तिका कारण लागत नाय, मॅडम." त्याने आत हात घालून चावी फिरवली. "ही बघा, अशी—"

इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले, आणि कसलीही कुरकुर न करता चालू राहिले.

"चालू झाली," किशोरी म्हणाली.

"हीच तिची खोड! कोण बघूक इला की शाण्या बायलेसारकी वागता."

"शहाण्या बायकोचा तुम्हांला अनुभव आहे वाटतं?"

"नाय..." तो अडखळला. पावसाचे पाणी त्याच्या भुवईवरून गालावर आले. "अजून... नाय."

पलीकडे जीपखाली आडवे पडलेले मामा खोकले. तो खोकला पावसाळ्याचा नव्हता.

त्याचे नाव सिद्धेश. किशोरीने स्कॅनर जोडला तेव्हा पडद्यावर एकच दोष उमटला : नियंत्रण मॉड्यूलला मिळणारा विद्युतपुरवठा कमी.

"म्हणजे काय?"

"डॅशबोर्डाखाली एक डबी आहे. इंजिनाला डिझेल किती द्यायचं, केव्हा द्यायचं, ते ती ठरवते. तिला बारा-तेरा व्होल्ट लागतात. दहाच्या खाली गेले की ती काम सोडते, आणि इंजिन थांबतं."

"म्हणजे डबी उपाशी रवता."

"हो. पण का, ते अजून माहीत नाही."

तिने मीटरची काळी क्लिप बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि लांब तांबडी वायर मॉड्यूलच्या पिनेपर्यंत नेली. तेरा दशांश आठ. दिवे लावायला सांगितले. तेरा दशांश सात. वायपर, ब्लोअर, हॉर्न... आकडा जागचा हलला नाही.

"या घडीला दोष नाही," तिने मीटर बंद केला. "तो दिसल्याशिवाय मी काही बदलणार नाही."

सिद्धेश तिच्याकडे पाहतच राहिला. "आदी दोन ठिकाणी दाखवलंय. एकान बॅटरी बदलल्यान, दुसऱ्यान सेन्सर. काय्येक बदलणार नाय म्हणणारा मेकॅनिक मी आज पयल्यांदा बघतंय."

"परत बंद पडली तर या."

"आणि... पडली नाय तर?"

किशोरीने केसांतली पेन्सिल काढली आणि गाडीचा नंबर लिहून घेतला. पिकअप रस्त्याला लागला तेव्हा त्याच्या ताज्या तेलरंगाचा वास आवारात थोडा वेळ रेंगाळला.

सोमवारी तो पुन्हा हजर झाला. गाडी चालूच होती; वाटेत पुन्हा बंद पडली होती, असे तो म्हणाला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली, दोन हात लांब सुरमई होती.

"सकाळी जाळ्यात गावली. म्हटला, मामांक..."

"श्रावण आहे," किशोरी म्हणाली.

"अरे द्येवा!" त्याने सुरमई पाठीमागे लपवली, पण ती त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसत राहिली. मामा जीपखालून सरपटत बाहेर आले आणि त्या मासळीकडे त्यांनी असे पाहिले, की दुसऱ्या कोणाकडे त्यांनी इतक्या मायेने कधी पाहिले नसेल.

"श्रावण संपाक किती दीस रवले गो?" त्यांनी विचारले.

"मामा!"

"नुसता विचारलंय."

त्या दिवशीही मीटरने तेच आकडे दाखवले. किशोरी वाकून काम करत होती, आणि सिद्धेश उपड्या डब्यावर बसून प्रश्न विचारत होता. तांबडी वायर कशाला, काळी कशाला, व्होल्ट म्हणजे नेमके काय. प्रश्न अडाण्याचे नव्हते, आणि उत्तर मिळाले की तो ते मनात घोळवून मगच पुढचा प्रश्न काढी. तिला ते आवडले. आवडले असे तिने स्वतःशी कबूल केले नाही; फक्त उत्तरे सावकाश देऊ लागली.

"तुम्हांला एवढी काळजी कसली?" तिने विचारले. "गाडीच आहे. होईल दुरुस्त."

तो हसला, पण हसू अर्ध्यावरच थांबले. "दोन खेपा मासळी वाटेत सडली. बाबांचा ऑपरेशन झालाहा, तेंका आता धावपळ झेपणा नाय. तेंनी सांगल्यानी, गणपती येयसर गाडी सरळ चालली तर ठीक. नायतर गाडी विकतले... आणि माका मस्कतक धाडतले. बहिणीचो घोव थंय कोल्ड स्टोरेजात आसा. व्हिसा तयार आसा."

"तुम्हांला जायचंय?"

सिद्धेशने तिच्याकडे चमकून पाहिले. "ह्या आजवर कोणी विचारूकच नाय."

"मी विचारतेय."

"नाय," तो म्हणाला. "माका जावचा नाय."

पागोळ्यांखाली ठेवलेली बादली भरून वाहत होती. तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

त्यानंतर तो येतच राहिला. एकदा म्हापशाहून परतताना गाडी आरवलीच्या वळणावर बंद पडली, एकदा भर बाजारात. गॅरेजात आली की मात्र ती गुणी. सुरमईचा धडा लक्षात ठेवून त्याने एका खेपेला काकडीच्या जातीची कोवळी तवशी आणली. "ही तरी चालता मां श्रावणात?" किशोरीने त्यातले एक चिरले, मीठ लावले आणि फोडी त्याच्यासमोर धरल्या. दोघांनी उभ्या-उभ्या खाल्ल्या. बोटे एकाच फोडीवर गेली तेव्हा दोघांनीही ती फोड सोडून दिली, आणि ती मामांनी खाल्ली.

मामांची जीभ मात्र श्रावण पाळत नव्हती. शुक्रवारी सिद्धेश चहा आणायला समोरच्या टपरीवर गेला, तेव्हा ते भाचीला म्हणाले, "गो चेडवा, एक सांगतंय, रागाव नको. तेच्या गाडयेक काय्येक झालेला नाय. फ्यूज काढल्यान, गाडी बंद. परत लायल्यान, चालू. आणि तुज्या दारात हजर! जंय तू नाय, थंयच बरी बंद पडता ती?"

"काहीतरीच, मामा."

"बघ मगे फ्यूजाची पेटी."

ती हसण्यावारी नेणार होती. पण संशय समोर आला की तो तपासायचा, ही तिची शिस्त होती. तिने बॉनेट उचलून फ्यूजची पेटी उघडली. मॉड्यूलच्या फ्यूजवर, फक्त त्याच एका फ्यूजवर, पकडीचे ताजे, चकचकीत ओरखडे होते.

सिद्धेश चहाचे ग्लास घेऊन आला तेव्हा तिने पेटी उघडीच ठेवली होती.

"हा फ्यूज तुम्ही काढता?"

"व्हय. वाटेत बंद पडली की काढतंय, फुंकर मारतंय, लायतंय. कधीकधी चालू होता."

"की बंद पडावी म्हणून काढता?"

सिद्धेशने ग्लास हळूच बाकावर ठेवले.

"कशाक?"

"इथे यायला."

त्याच्या आवाजात चढ नव्हता; त्यानेच ती जास्त अस्वस्थ झाली. "मॅडम, माका हंय येवचा झाला तर मी गाडी बरी आसतानाय येयन. गाडी बंद पाडून माका मिळतला काय? मस्कत!"

तो गेला. चहा तसाच राहिला. मामांनीही त्या दिवशी त्याला हात लावला नाही.

शनिवारी पिकअप आला नाही. किशोरीने एका रिक्षाचे वायरिंग दोनदा जोडले. कारण पहिल्यांदा जोडले ते चुकले होते. संध्याकाळी ती स्कॅनर घेऊन बसली. गाडीतून उतरवून घेतलेली माहिती त्यात साठलेली होती. दोष घडला त्या क्षणाची परिस्थिती मॉड्यूल स्वतःच टिपून ठेवते. ती तिने आजवर वरवर चाळली होती, नीट वाचली नव्हती. आता वाचली.

गाडीचा वेग ताशी एकेचाळीस किलोमीटर. मॉड्यूलला मिळालेला पुरवठा साडेनऊ व्होल्ट.

एकेचाळीसच्या वेगाने धावत्या गाडीत, बॉनेटखालचा फ्यूज कोणाला काढता येणार? माणूस खरे बोलत होता. हे कळल्यावर तिला प्रथम हायसे वाटले, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आणि मग तिसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, जी त्या दोन्हींपेक्षा तिच्या पेशाची होती : डबी साडेनऊ म्हणते आणि माझा मीटर तेरा दशांश आठ. दोघांपैकी एकजण चुकीच्या जागी मोजतो आहे.

रविवारी दुपारी ती बंदरावर गेली. जाळी वाळत घालायला ऊन नव्हते. माणसे ताडपत्रीखाली बसून दोर वळत होती. सिद्धेशचे वडील परशुराम एका उपड्या होडीला टेकून बसले होते. ऑपरेशननंतर अंगावरचे मांस उतरले होते, पण नजर धारदार होती.

"तू सत्यवानाची भाची मां?"

"व्हय, बाबानू." इथे पुस्तकी मराठी चालणार नव्हती, आणि तिला चालवायचीही नव्हती. "तुमची गाडी माका एक फेरी होयी. मीटर लावन रस्त्यार चालवन बघतंय."

"उद्या गाडयेक गिऱ्हाईक येता. आता मोजून काय गावतला?"

"गावला तर सांगतंय. नाय गावला तर ताय सांगतंय."

परशुराम तिच्याकडे पाहत राहिले. "आजवर सगळे म्हणत होते, हमखास गावतला," ते म्हणाले आणि बर्फाच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सिद्धेशा! चाय घेवन भायर ये रे. नायतर नको चाय, चावी घेवन ये."

सिद्धेश बाहेर आला. गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर फावडे. किशोरीला पाहून तो थबकला.

"फ्यूजचं मी चुकीचं बोलले," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?" त्याने कानामागे हात धरला. "समुद्राचो आवाज मोठो आसा."

"मी चुकीचं—"

"बाबांकय ऐकाक येवक नाय."

"मी चुकीचा बोललंय!" ती ओरडली.

दोर वळणारे हात थांबले. सगळ्या बंदराने ते ऐकले. सिद्धेशने फावडे खाली ठेवले, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला.

"आता ऐकाक इला," तो म्हणाला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पिकअप निघाला. मागे बर्फाच्या लाद्या भरल्या होत्या, म्हणजे भार म्हापशाच्या खेपेइतकाच. बंदरावर येऊन पोचलेल्या मामांनी सोबत यायचा हट्ट धरला. पण पुढे दोन माणसे, मीटर आणि वायरींचा गुंता, एवढ्यात जागा संपत होती. शेवटी ते रेनकोट चढवून स्कूटरवर बसले.

"मी मागसून येतंय," त्यांनी जाहीर केले. "अंतर ठेवन. पण नजरेत ठेवन!"

वेंगुर्ले मागे पडेपर्यंत स्कूटरचा दिवा आरशात दिसत होता. मग पावसाने जोर धरला आणि तो दिसेनासा झाला.

किशोरीने तांबडी वायर नेहमीच्याच पिनेला लावली होती. काळीचा प्रश्न होता. बॅटरी बाहेर, केबिनच्या मागे, चासीला बसवलेली. तिथवर वायर नेली असती तर दाराच्या फटीत चिरडली असती. म्हणून तिने काळी क्लिप आतल्या आत, मॉड्यूलच्या स्वतःच्या अर्थिंगच्या वायरीला अडकवली, आणि मीटर मांडीवर घेतला.

"हेडलाइट."

"लायलंय."

"तेरा दशांश एक. वायपर."

"चालूच आसत. दिसणा नाय?"

"ब्लोअर."

"थंडी वाजता तुका?"

"ब्लोअर, सिद्धेश."

"लायलो, लायलो." तो हसत होता. "नावान हाक मारलंस म्हणान लायलो."

तिने मीटरवरून मान वर केली नाही. पण कान तापले, ते ब्लोअरने नव्हे. "बारा दशांश तीन," ती म्हणाली आणि थांबली. हा आकडा गॅरेजात कधी दिसला नव्हता. "अकरा दशांश आठ..."

"माज्याकडे बघून एक तरी आकडो सांग."

"तू रस्त्याकडे बघ."

मोचेमाडचा चढ लागला. खड्ड्यातून गाडी हादरली आणि मीटरवरचे आकडे घसरू लागले. दहा दशांश नऊ. दहा दशांश दोन. सिद्धेशने गिअर उतरवला, इंजिन गुरगुरले. दुसरा खड्डा. नऊ दशांश पाच.

पिकअप दोन आचके देऊन बंद पडला.

सिद्धेशने हातब्रेक ओढला. टपावर पाऊस थाडथाड वाजत होता. काचेवर वायपर अर्ध्यावर थांबले होते. त्याने कपाळ स्टेअरिंगला टेकवले. "संपला," तो म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक येवन घेवन जातलो."

मग त्याने वळून पाहिले. किशोरी हसत होती. इतक्या दिवसांत त्याने तिला असे हसताना पाहिले नव्हते.

"गाडी बंद पडली म्हणान हसणारा चेडू मी आजच बघतंय."

"दिसला, सिद्धेश! दोष दिसला. चूक माझी होती." ती घाईघाईने क्लिपा सोडवू लागली. "मी रोज काळी क्लिप बॅटरीवर लावत होते. तिथून बघितलं तर सगळं छान. पण मॉड्यूलला बॅटरीचं ते टोक दिसतच नाही. त्याची काळी बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली. वीज जाते नीट, परत येताना अंगातून बॅटरीकडे यायला तिला वाट मिळत नाही. गडबड त्या मधल्याच जागी आहे, आणि मी नेमकी तीच सोडून मोजत होते. चल, उतर!"

छत्री एकच होती. बॅटरीपाशी वाकून तिने मीटरचे एक टोक ऋण खांबाला लावले, दुसरे चासीच्या लोखंडाला टोचले, आणि त्याला दिवे लावायला पिटाळले. "इथे जवळजवळ शून्य हवं," ती ओरडून म्हणाली. "तीनच्या वर आहे!"

बॅटरीपासून अर्थिंगची जाड पट्टी निघून एका बोल्टने चासीला आवळलेली होती. तिथे गंजाचा कणही नव्हता. सगळे निळेभोर, गुळगुळीत, चकचकीत. किशोरीने पान्याने बोल्ट सोडवला आणि पट्टी बाजूला केली. पट्टीखालीही निळा रंग. नखाने खरवडला तर त्याच्याखाली आणखी एक थर.

"हे कोणी केलं?"

सिद्धेश खाली वाकून बोल्ट न्याहाळू लागला.

"सिद्धेश?"

"...मी."

पावसात उभ्या-उभ्या त्याने सांगितले. दरवर्षी नारळीपुनवेच्या आधी होडी रंगवतात; उरलेल्या रंगात गाडीही रंगते. होडीचा कायदा असा, की लोखंडाचा एक ठिपकाही उघडा ठेवायचा नाही. पट्टी असेल तर सोडवायची, खाली रंगाचे दोन हात मारायचे, सुकले की परत बसवायची. नाहीतर खारे पाणी आत शिरते. दरवर्षी हे काम परशुराम करीत आणि गाडीवर वरवर कुंचला फिरवून सोडून देत. यंदा ते इस्पितळात होते. यंदा सिद्धेशने एकट्याने, वडिलांना नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून, होडीइतक्याच निगुतीने गाडी रंगवली होती.

"म्हणजे मस्कतची वाट मीच रंगवलंय," तो म्हणाला.

किशोरीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते दाबले गेले नाही. मग त्यालाही हसू फुटले. चढावर, बंद पडलेल्या गाडीपाशी, दोघे पोट धरून हसत होते आणि मागे बर्फ वितळत होता.

"होडीला ते बरोबरच आहे," ती शेवटी म्हणाली. "गाडीला एवढी एक जागा उघडी हवी. घे, हा पॉलिश पेपर. घास."

तो घासू लागला. तिने छत्री धरली.

"छत्री माज्यार धर गो जरा."

"छत्री बोल्टसाठी आहे."

"आणि मी?"

"तू भिजलेलाच आहेस."

निळा रंग उतरला, मग खालचा, आणि मग रुपयाएवढे पांढरे लोखंड चमकले. सिद्धेशने पट्टी बसवली, बोल्ट लावला. पण आवळला नाही. पाना हातात धरून तो तसाच बसून राहिला.

"आवळ ना."

"आवळतंय. पण आदी एक ऐक. ह्या आवळल्यार तू मीटर लायतलंस, आणि मगे सगळा त्या आकड्यार. म्हणान आदीच सांगतंय." त्याने वर पाहिले नाही. "पयल्या शुक्रवारी गाडी खरीच बंद पडली. पण सोमवारी... सोमवारी ती बंद पडाक नव्हती."

"सुरमईच्या दिवशी?"

"व्हय. तुका बघूचा होता. मी सांगलंय मां, गाडी बरी आसतानाय येयन म्हणान. तेच्या आदीच येवन गेललंय."

"म्हणजे मामा खरे ठरले."

"एका दिसापुरते. तेंका सांग नको!" मग आवाज उतरला. "किशोरी, हंय रवलंय तर... तुज्यासाठी रवतंय. गाडयेसाठी नाय. ता तुका ठावक आसूचा म्हणान सांगलंय. आता लाय मीटर."

मीटर तिच्या हातात होता, बंद. छत्री नकळत कलली होती आणि पाऊस आता बोल्टवर नव्हे, तर तिच्या खांद्यावर पडत होता. आपण काय बोलणार आहोत हे तिला आधी कळले नाही. शब्द निघून गेल्यावर कळले.

"मस्कतक जाव नको."

"गाडी बरी झाली तर बाबा धाडणार—"

"बरी झाली नाय तरी. जाव नको."

सिद्धेश उठून उभा राहिला. "अजून... मीटर लावक नाय तू."

"ठावक आसा," किशोरी म्हणाली.

दोघांमध्ये छत्रीची दांडी होती. त्याने ती तिच्या हातातून घेतली, तिच्या डोक्यावर सरळ धरली आणि दुसऱ्या हाताने तिच्या कपाळाला चिकटलेली ओली बट हलकेच बाजूला केली. त्याच्या बोटाचा निळा रंग तिच्या भुवईवर उमटला. आणि तेवढ्यात, चढाखालून, स्कूटरचा फटफटाट ऐकू आला.

"प्लगात पाणी गेला मेल्या स्कूटरच्या!" मामा लांबूनच ओरडले. जवळ आले, उघड्या बॅटरीकडे पाहिले, पान्याकडे पाहिले, आणि मग भाचीच्या भुवईकडे. "गावला काय?"

"गावला," दोघे एकदम म्हणाले.

बोल्ट आवळला गेला. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळे लावून किशोरीने मीटरची टोके पुन्हा खांबाला आणि चासीला टेकवली. शून्य दशांश शून्य चार. पिकअप मोचेमाडचा चढ चढून गेला, आरवलीला वळला आणि परत आला. त्या दिवशी तो पुन्हा थांबला नाही.

सोमवारी कुडाळचे गिऱ्हाईक आले. परशुरामांनी त्याला चहा पाजला आणि शुक्रवारनंतर ये म्हणून सांगितले. तोवर रोज पहाटे पिकअप मासळी घेऊन म्हापशाला जात होता. संध्याकाळी सिद्धेश गॅरेजवर येई, ब्लोअरचे बटण ढिले आहे किंवा आरसा वाकडा आहे असे काहीतरी सांगे, आणि किशोरी पाना न उचलता त्याच्याशी तासभर बोलत बसे. श्रावण संपला होता. सुरमई आता रीतसर मामांच्या ताटात पडत होती.

गणपतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सिद्धेश वडिलांना घेऊन आला. परशुरामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते बाकावर बसले, पाणी प्यायले आणि थेट विषयाला आले.

"सत्यवाना, तुज्या भाचयेन माज्या झिलाक मस्कतक जाव नको म्हणान सांगल्यान. म्हणान मी तेचो व्हिसा परत केलंय. गाडीय विकणंय नाय. आता ह्यो हंय रवतलो, तर हेका सांभाळतला कोण, ता तिकाच विचारूक इलंय."

मामा काळ्या तेलाने रंगलेल्या बोटांनी डोळे पुसू लागले आणि डोळे काळे झाले.

"किशोरी गो," परशुराम तिच्याकडे वळले, "गणपती पोचवले की आमी रीतसर येतंव. येवंदे काय?"

तिने सिद्धेशकडे पाहिले. तो भिंतीवरच्या फॅनबेल्टांकडे पाहत होता, जणू त्यांतला एखादा त्याला आजच विकत घ्यायचा होता.

"येवा," ती म्हणाली. "वाट बघतंय."

सिद्धेशने फॅनबेल्टांवरची नजर काढली. मामांनी समोरच्या टपरीला हाक मारून पाच कप चहा सांगितला. माणसे चारच होती, पण कोणी दुरुस्त केले नाही.

२ ते ६ सप्टेंबर, पूर्ण भाराने म्हापशाच्या खेपा पाच. वाटेत गाडी बंद पडली, शून्य वेळा.